काळी बुरशी आणि अनवाणी पाय
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात शेवगाव येथे दिलेले व्याख्यान)



‘काळी बुरशी’ हा शब्द २०२१ साली महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. कोविडमधून उठलेल्या, विशेषतः मधुमेही रुग्णांना तेव्हा म्यूकरमायकोसिसने गाठले. तथापि ती बुरशी स्वतः काळी नसते. तिच्यामुळे रक्तपुरवठा तुटून मृत झालेले मांस काळे दिसते. जिच्या अंगीच काळा रंग आहे, ती बुरशी निराळी, आणि तिचे ठाणे मातीत आहे. तिच्याविषयी चार शब्द सांगावे, असा मानस आहे.

अशा काळ्या बुरशींपैकी एक ‘मदुरेला’ होय. अनवाणी पायात बाभळीचा काटा मोडला, की ती मातीबरोबर कातडीखाली शिरते. तिच्यातील मेलॅनिन हे काळे द्रव्य शरीराच्या रक्षक पेशींपुढे ढालीसारखे उभे राहते. प्रथम लहानशी गाठ येते. ती बहुधा दुखत नाही, आणि हीच खरी फसगत! मनुष्य वर्षानुवर्षे तसाच राबतो. पुढे पाय सुजतो, छिद्रे पडून त्यांतून बारीक काळे कण येतात, आणि अखेरीस हाडेही पोखरली जातात.

मदुरेच्या डॉ. गिल यांनी १८४२ साली याची नोंद केली, म्हणून ‘मदुरा पाय’ हे नाव पडले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉ. हेन्री कार्टर यांनी त्यास ‘मायसेटोमा’ म्हटले व १८७४ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र उपेक्षित रोगांच्या यादीत तो २०१६ साली घेतला. रोगी बहुतेक गरीब शेतकरी व मजूर. मग उपेक्षेचे नवल ते काय?

बंधूंनो, गाठ लहान असतानाच डॉक्टरांस दाखवावी. कण पांढरे, पिवळे वा तांबडे असल्यास रोग बहुधा जिवाणूंचा असतो व औषध वेगळे लागते. म्हणून आधी तपासणी हवी. बुरशीवर इट्राकोनॅझोलसारखी औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात, शस्त्रक्रियाही करावी लागते. उशीर झाल्यास पाय गमवावा लागतो. हा रोग एकापासून दुसऱ्यास होत नाही. सबब रोग्याचे ताटपाणी वेगळे करणे हा अन्यायच होय.

लग्नकार्यांत आपण मानपानाचे आहेर करतो. त्यातील थोडा पैसा वाचवून शेतात राबणाऱ्या एका माणसास मजबूत बूट द्यावेत, एवढीच माझी नम्र विनंती आहे.