राष्ट्रपती, पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ

(खांदेश्वर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



‘देशाचा कारभार कोण चालवितो?’ असे वर्गात विचारले असता कोणी ‘राष्ट्रपती’ म्हणतो, कोणी ‘पंतप्रधान’. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. परंतु दोन्ही अपुरी आहेत. खरे उत्तर ‘मंत्रिमंडळ’ हे होय, आणि तेच बहुधा शिकवावयाचे राहून जाते.

संविधानाच्या ५३ व्या अनुच्छेदाने संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी ठेविली आहे. मात्र ७४ व्या अनुच्छेदाप्रमाणे ती पंतप्रधानांच्या नेतृत्वाखालील मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने वापरावयाची असते, आणि ७५ व्या अनुच्छेदाप्रमाणे ही परिषद लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत यामागील भूमिका विशद केली. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. मसुद्याने जबाबदारीस अग्रक्रम दिला, असा तिचा आशय होता. पुढे वसंत साठे यांच्यासारख्या नेत्यांनी अध्यक्षीय पद्धतीचा जाहीर पुरस्कार केला. परंतु देशाने मूळचा मार्ग सोडला नाही.

या जबाबदारीचा कस लागल्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात सापडते. महाडजवळील नाते येथे १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९५२ मध्ये तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले होते. मुंबई महाराष्ट्रापासून अलग ठेवण्याचे ठरले, तेव्हा जुलै १९५६ मध्ये त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाच्या राजीनाम्याचे निवेदन लोकसभेत केले. त्यांची तक्रार दुहेरी होती. एक, हा निर्णय महाराष्ट्रास अन्यायकारक आहे. आणि दुसरी, मंत्रिमंडळात त्याचा रीतसर विचार न होताच तो जाहीर झाला. पंतप्रधान नेहरूंनी हा आक्षेप मान्य केला नाही. तथापि देशमुखांनी उपस्थित केलेला प्रश्न त्या वादापुरता नव्हता. ज्या निर्णयाचा भार सर्वांच्या शिरावर, त्याच्या विचारात सर्वांचा वाटा असावा की नको? हेच देशमुख १९६९ साली राष्ट्रपतिपदाचे उमेदवार होते.

तो प्रश्न पुन्हा उभा राहिला. २५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीची उद्घोषणा केली. मंत्रिमंडळास ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने मंत्रिपरिषदेचा सल्ला राष्ट्रपतींवर स्पष्ट शब्दांत बंधनकारक झाला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने दोन सुधारणा केल्या. राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठवू शकतात. आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्याखेरीज आणीबाणी पुकारता येत नाही.

परंतु ही लेखी अट आणीबाणीपुरतीच राहिली. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट उठविण्यात आली, ती मंत्रिमंडळाच्या बैठकीवाचून. १९६१ च्या कामकाज नियमांतील १२ वा नियम पंतप्रधानांस तशी मुभा देतो. मंजुरी मागाहून घ्यावयाची असते. हे नियमास धरून होते, हे खरे. पण नियमच सुधारावा काय, हा विचार करण्याजोगा आहे. राज्यात राष्ट्रपती राजवट आणताना वा उठविताना मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक करावा, असे मला वाटते. निकडीच्या वेळी विलंब होईल, हा आक्षेप हलका नाही. तथापि मंत्र्यांस एकत्र आणणे आज पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही.

दुसरी सुधारणा विधेयकांविषयी आहे. १११ व्या अनुच्छेदात संमतीस मुदत नाही. १९८६ चे टपाल दुरुस्ती विधेयक राष्ट्रपती झैलसिंग यांनी संमतीही न देता व परतही न पाठविता ठेवले. त्यायोगे नागरिकांच्या पत्रांची गुप्तता राखली गेली, हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, नकार कारणांसह परत आला तर संसदेस उत्तर देता येते. मौनास उत्तर देता येत नाही.

हे सारे मुलांस कलमे पाठ करून कळणार नाही. शाळेतील बालमंत्रिमंडळाची बैठक खरोखरीची भरवा. सहलीचे ठिकाण मुख्यमंत्री झालेल्या मुलाने एकट्याने न ठरविता सर्वांचे ऐकून ठरवावे, निर्णय वहीत लिहावा, आणि मग तो सर्वांनी आपला मानावा. विरोध करणाऱ्याचे मतही त्या वहीत नोंदवा. एवढी सवय लागली, तरी नागरिकशास्त्राचा पाठ सार्थकी लागला असे समजावे.