गोळी कोणी झाडली?



इंग्रजी कविता मराठी मुलांपर्यंत नेणाऱ्या शिक्षकांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. मी आज एकाच कवितेविषयी बोलणार आहे: सायमन आर्मिटेज यांची ‘रिमेन्स’. २००७ साली ब्रिटनच्या चॅनल फोरवर ब्रायन हिल यांचा ‘द नॉट डेड’ हा चित्रपट दाखवला गेला. युद्धांवरून परतलेले सैनिक त्यात आपली हकिकत सांगतात, आणि त्यांच्याच बोलण्यातून आर्मिटेज यांनी घडवलेल्या कविता वाचतात. ही त्यांतली एक. ती इराकमधल्या बसऱ्यात लढलेल्या सैनिकाची आहे. शहराचं नाव मात्र कवितेत येत नाही.

बँक लुटणाऱ्यांना रोखायला तुकडी पाठवली जाते. लुटारूंतला एक पळत सुटतो. त्याच्याजवळ हत्यार होतं का? निवेदकाला ते कधीच नक्की कळत नाही, आणि ही शंका पुढे त्याच शब्दांत परत येते. तिघे गोळ्या झाडतात. प्रेत लॉरीतून जातं, पण गस्तीवर आठवड्यामागून आठवडे त्याच्या रक्ताच्या डागावरून चालावं लागतं. रजेवर घरी आल्यावर डोळे मिटताच तो माणूस पुन्हा बँकेच्या दारातून बाहेर पडतो. दारूने जात नाही, नशेनेही जात नाही.

भाषांतर करताना मी वर्षानुवर्षं अडलो तो गोळी झाडण्यापाशी. ‘मी गोळी झाडली.’ ‘आम्ही गोळी झाडली.’ कर्ता बदलला तरी क्रियापद जागचं हलत नाही, कारण कर्मणी प्रयोगात ते गोळीच्या मागे जातं. ‘गोळी सुटली’ म्हटलं की माणूस पुरताच नाहीसा होतो. आता वर्तमानकाळ घ्या: ‘ते झाडतात’, ‘मी झाडतो’. इथे क्रियापद माणसाला धरून ठेवतं. आर्मिटेज यांचा निवेदक सुरुवात भूतकाळात करतो, आणि तो माणूस पळू लागताच वर्तमानात येतो. आठवण अजून घडतेच आहे, एवढंच इंग्रजीत जाणवतं. मराठीत त्याच क्षणी कर्मणीचा आडोसाही सुटतो. पुढे ‘आम्ही’ विरळ होतो आणि शेवटी ‘मी’ एकटा उरतो. आडोसा काढून घेण्याचं काम आपलं व्याकरण आपणहून करतं. मला ते सापडलं त्या दिवशी मी वही मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

शेवटच्या दोन ओळींत निवेदकाच्या हातांना लागलेल्या ‘ब्लडी’ने मात्र मला हरवलं. तो शब्द शिवी आहे आणि रक्तही. ‘मेल्या’, ‘मुडद्या’ या आपल्या शिव्यांत मरण आहे, पण त्या आजीच्या तोंडच्या. सैनिकाच्या तोंडी बसत नाहीत. हात मराठीत रक्ताळतात, शिवी हरवते. तिथे मॅक्बेथ आठवतो, आणि शिरवाडकरांनी केलेलं त्याचं रूपांतर ‘राजमुकुट’ही. पण त्या हातांमागे राज्याचा लोभ होता. या सैनिकाला काहीच मिळवायचं नव्हतं, म्हणून त्याचं ओझं मला अधिक जड वाटतं.

आपल्याकडे बसरा म्हणजे नथीतले मोती. पण नोव्हेंबर १९१४ मध्ये ते शहर घेणाऱ्या ब्रिटिश हिंदी फौजेचं नाव ‘पूना डिव्हिजन’ होतं, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. पुढे कूत शहराला पडलेल्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली. २९ एप्रिल १९१६ रोजी ती फौज शरण गेली. साताऱ्याकडच्या काही गावांत अजून दगडी पाट्या आहेत: या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. जे परतले त्यांनी कोणावर गोळी झाडली, रात्री त्यांना कोण दिसत होतं, हे पाटीवर नाही. घरातल्यांनी कधी विचारलं असेल का?

दुपारच्या सत्रात ‘रिमेन्स’ आपण मोठ्याने वाचणार आहोत. माझ्या भाषांतरात शेवटच्या दोन ओळींची जागा मी कोरी ठेवली आहे. पेन्सिल घेऊन या.