सुरतेची हुंडी आणि अखंड जोडणीवरील ओळख



तापी नदीच्या मुखाजवळ वसलेले सुरत शहर मराठी माणसाला परके नाही. १६६४ आणि १६७० या साली शिवाजी महाराजांनी केलेल्या स्वाऱ्यांमुळे ते इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात आले. पुढे यंत्रमाग व कापड व्यवसायाच्या निमित्ताने जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे सुरत-भुसावळ लोहमार्गाने तेथे गेली आणि उधना, लिंबायत यांसारख्या भागांत स्थायिक झाली. या शहराची आणखी एक ओळख मात्र आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. सुरत ही हुंडीची मोठी पेठ होती. समोर आलेला माणूस खरोखर कोण आहे, हे ठरविण्याची एक काटेकोर पद्धत तेथील सराफांच्या व्यवहारात रुळलेली होती. संगणकाच्या युगात तोच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला असल्यामुळे या जुन्या पद्धतीचे स्मरण उपयुक्त ठरेल.

सराफाच्या पेढीवरील खबरदारी

सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. आग्रा, लाहोर, अहमदाबाद अशा दूरच्या शहरांतून तेथे पैसा पोहोचवावा लागे. रस्त्याने चांदी नेणे धोक्याचे होते. म्हणून हुंडी लिहिली जाई. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने सुरतेवर काढलेल्या हुंड्यांचे निरनिराळ्या शहरांतील दर आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले आहेत. कागदाचा एक तुकडा शेकडो कोस प्रवास करून पेढीवर येई आणि त्यावर मोठी रक्कम मोजून द्यावी लागे. येथे चूक झाली तर पेढी बुडण्याचीच भीती असे.

ही भीती टाळण्यासाठी हुंडीच्या व्यवहारात अनेक युक्त्या रूढ झाल्या. रकमेत फेरफार होऊ नये म्हणून शंभर रुपये लिहिताना ‘निमे पन्नास, त्याचे दुप्पट’ असेही लिहीत. शाहजोग हुंडीची रक्कम पेठेत पत असलेल्या ‘शाहा’लाच मिळे आणि हुंडी खोटी निघाल्यास ती रक्कम परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राही. मुदती हुंडीला ठरावीक मुदत असे. हुंडी गहाळ झाल्यास ‘पैठ’ म्हणजे दुसरी प्रत काढण्याची सोय होती. रक्कम चुकती झाल्यावर ती हुंडी ‘खोखा’ ठरे. मग ती पुन्हा कोणीही आणली तरी तिच्यावर एक छदामही मिळत नसे.

माणूस पतीचा असावा, निशाणीला मुदत असावी, ती एकदाच वापरली जावी आणि आकड्यात फेरफार करता येऊ नये, ही या व्यवहाराची चार सूत्रे होत.

अखंड जोडणी म्हणजे काय?

संगणकावरील नेहमीचे संकेतस्थळ टपालाप्रमाणे चालते. एक विनंती पाठवावी, एक उत्तर यावे आणि व्यवहार तेथेच संपावा. परंतु बाजारभाव क्षणोक्षणी पाहणे, ऑनलाइन लिलावात बोली लावणे किंवा मदत केंद्राशी लेखी संभाषण करणे, अशा कामांना टपालाची रीत पुरत नाही. त्यासाठी ‘वेबसॉकेट’ नावाची पद्धत वापरतात. इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये ६४५५ या क्रमांकाने तिचा मानक दस्तऐवज प्रसिद्ध केला. या पद्धतीत जोडणी एकदा झाली की ती उघडीच राहते आणि दोन्ही बाजूंना केव्हाही बोलता येते.

जोडणीच्या आरंभी ग्राहकाचा ब्राउझर विनंती पाठवितो आणि सर्व्हर १०१ या क्रमांकाचे संमतिदर्शक उत्तर देतो. या देवाणघेवाणीमुळे दोन्ही बाजूंना एकच भाषा समजते एवढेच सिद्ध होते; बोलणारा कोण, हे मुळीच सिद्ध होत नाही. ग्राहकाची ओळख कोणत्या रीतीने पटवावी, हेही या मानकाने ठरवून दिलेले नाही. ते काम सेवा उभारणाऱ्यावर सोपविले आहे. जोडणी गुप्त भाषेत असली, तर वाटेत कोणी संभाषण वाचू शकत नाही, हे खरे. परंतु पत्राचा लखोटा बंद आहे म्हणून पत्र लिहिणारा खरा ठरत नाही.

चार उणिवा आणि त्यांवरील उपाय

पहिली उणीव कुकीची. ग्राहकाने एकदा नाव व पासवर्ड दिल्यावर ब्राउझर ‘कुकी’ नावाची खूण जपून ठेवतो आणि त्या संकेतस्थळाकडे जाणाऱ्या विनंतीसोबत ती आपोआप जोडतो. एखाद्या व्यापाऱ्याने लिलावाचे संकेतस्थळ उघडे ठेवून दुसरे लबाड संकेतस्थळ पाहिले, तर ते त्याच्या नकळत, त्याच्याच ब्राउझरमधून, त्याच्याच नावे लिलावाशी जोडणी करू शकते. यावर उपाय असा की, विनंती कोणत्या संकेतस्थळावरून निघाली ते सर्व्हरने तपासावे आणि अनोळखी ठिकाण असल्यास जोडणी नाकारावी. मात्र हे ठिकाण ब्राउझर प्रामाणिकपणे सांगतो. इतर प्रकारची आज्ञावली ते खोटेही सांगू शकते. म्हणून केवळ या तपासणीवर विसंबून चालत नाही.

दुसरी उणीव खुणेच्या जागेची. ब्राउझरमधून वेबसॉकेट उघडताना ओळखीची खूण स्वतंत्र शीर्षकात घालता येत नाही. त्यामुळे काही कारागीर ती सरळ पत्त्यातच लिहितात. पत्ते सर्व्हरच्या नोंदवह्यांत उतरले जातात आणि नोंदवही पाहणाऱ्या कोणाच्याही हाती ती खूण लागते. याऐवजी ग्राहकाने रीतसर प्रवेश केल्यावर त्याला काही क्षणांपुरते, एकदाच चालणारे तिकीट द्यावे. जोडणी उघडताच पहिल्या संदेशात ते सादर व्हावे. तोवर सर्व्हरने कोणतीही माहिती देऊ नये आणि ठरल्या वेळेत तिकीट न आल्यास जोडणी बंद करावी. वापरलेले तिकीट लगेच रद्द व्हावे. खोखा झालेल्या हुंडीचाच हा नियम होय.

तिसरी उणीव सर्वांत घातक आहे. टपालाच्या रीतीत प्रत्येक विनंतीबरोबर ओळख तपासता येते. उघड्या जोडणीत ती दारावर एकदाच तपासली जाते आणि दार मग तासन्‌तास उघडे राहते. समजा, लिंबायतमधील एका यंत्रमाग कामगाराचा मोबाइल गाडीत चोरीस गेला. त्याच्या बचतीवर शिरपूरकडच्या घराचा किराणा आणि मुलीची फी अवलंबून आहे. त्याने शेजाऱ्याच्या फोनवरून तत्काळ पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड नवीन प्रवेशाला लागू झाला. परंतु चोरीच्या मोबाइलवरील जुनी जोडणी सर्व्हरने तोडली नाही, तर चोर आत बसूनच राहतो. म्हणून प्रत्येक जोडणीला मुदत असावी, मुदत संपल्यावर ओळख पुन्हा मागावी, आणि पासवर्ड बदलताच किंवा खाते गोठविताच त्या ग्राहकाच्या सर्व उघड्या जोडण्या त्याच क्षणी बंद व्हाव्यात.

चौथी उणीव ओळख आणि अधिकार यांची गल्लत होण्याची. माणूस खरा असला तरी त्याला प्रत्येक गोष्टीचा अधिकार असतोच असे नाही. पेढीवर शाहा ओळखीचा असला, तरी दुसऱ्याच्या खात्यातून त्याला रक्कम मिळत नसे. त्याचप्रमाणे प्रत्येक संदेशागणिक अधिकार तपासला पाहिजे. संदेशात लिहिलेल्या नावावर सर्व्हरने विश्वास ठेवू नये. जोडणीच्या वेळी जे नाव सिद्ध झाले, तेच प्रमाण मानावे.

प्रत्येकाचे कर्तव्य

कार्यालयांनी नवीन सेवा स्वीकारताना या चारही बाबींची लेखी विचारणा करावी. एकच पासवर्ड साऱ्या शाखेत वापरण्याची सवय तर तातडीने सोडली पाहिजे. ज्याच्या नावाने नोंद झाली तोच जबाबदार ठरतो, आणि बदली होऊन गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावे जोडणी चालू राहिली, तर निर्दोष माणूस चौकशीच्या फेऱ्यात सापडतो.

शिक्षकांनी शाळेतील सामाईक संगणकावर काम संपताच खात्यातून बाहेर पडण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ ही सोय बऱ्याच सेवांमध्ये असते. ती कोठे असते, हे वर्गात एकदा प्रत्यक्ष दाखवावे.

ग्रामस्थांनी ध्यानात ठेवावे की, पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही. ओटीपी ही क्षणभराची हुंडीच आहे. ती परक्याच्या हाती देऊ नये. दृश्य दूरध्वनीवर पोलिसाचा गणवेश दिसला, म्हणजे समोर पोलिसच आहे असे नव्हे. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. येथेही उघडी जोडणी दाखवून ओळखीचा आभास निर्माण केला जातो. फसवणूक झाल्यास लाजेने गप्प न बसता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. दुसऱ्याचा पासवर्ड अथवा ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-क अन्वये गुन्हा असून, त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सुरतेच्या सराफाने ओळखीची विचारणा केली, म्हणून कोणी खरा व्यापारी रागावला नाही. कारण त्या विचारणेमुळे त्याचीच रक्कम सुरक्षित राहत होती. आज यंत्राने पुन्हा ओळख मागितली की अनेकांना तो त्रास वाटतो. घामाचा पैसा ज्याचा त्यालाच पोहोचावा अशी इच्छा असेल, तर हा थोडा त्रास सोसला पाहिजे, आणि जी सेवा ओळख मागतच नाही, तिच्याविषयी सावध राहिले पाहिजे.