संताप, न्याय आणि मूठमाती



देवरूखच्या आसपासच्या वाड्यांतली किती घरे पोटासाठी मुंबईकडे गेलेली. डोंबिवली, बदलापूर, विरार ही नावे इथे परक्या गावांची वाटत नाहीत. तिथे कुणाची बहीण दिलेली असते, कुणाचा भाऊ लोकल पकडत असतो. त्यामुळे 20 ऑगस्ट 2024 ला बदलापूरचे लोक रुळांवर उतरले, त्याची धग इथवर पोचली.

शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला होता. तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. लोकांचा संताप खरा होता आणि तो कामालाही आला. गाड्या अडल्या, तेव्हा विशेष तपास पथक नेमले गेले. पण त्याच गर्दीतून दुसरी हाक येत होती: खटला नको, आत्ताच फाशी द्या. 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. काही ठिकाणी पेढे वाटले गेले.

त्यानंतर जे घडले त्यावर फारसे कुणी बोलले नाही. त्याच्या आईवडिलांना मुलाला पुरायला जागा मिळेना. गावोगाव विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. 29 सप्टेंबरला उल्हासनगरात खणलेला खड्डाही काहींनी बुजवला. अखेर पोलीस बंदोबस्तात दफन झाले.

ख्रिस्ती विचार नेमका इथे वेगळी वाट धरतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात येशू भुकेल्या, तहानलेल्या, परक्या, उघड्या, आजारी आणि तुरुंगातल्या माणसात स्वतःला पाहतो. तो तुरुंगातला माणूस निर्दोषच असला पाहिजे, अशी अट तिथे नाही. चर्चच्या परंपरेने या सहा दयाकृत्यांत सातवे जोडले: मृताला मूठमाती देणे. मूठमाती दिली म्हणजे गुन्हा माफ झाला, असे मुळीच नाही. ज्या आईने मुलगा गमावला तिला माणूस म्हणून वागवणे, एवढाच मूठमातीचा अर्थ.

आणि गोळीने न्याय झाला का? खटला चालला असता, तर कोणी दुर्लक्ष केले हे कदाचित बाहेर आले असते. ते दार बंद झाले. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांवर ठपका ठेवला.

क्षमा म्हणजे खटला मागे घेणे, हा समज ग्लॅडिस स्टेन्स यांच्या वागण्यापुढे टिकत नाही. 22 जानेवारी 1999 च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात जमावाने त्यांचे पती ग्रॅहम आणि दहा व सहा वर्षांची दोन मुले गाडीत जिवंत जाळली. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर सांगितले आणि कायद्याला त्याचे काम करू दिले. मुख्य आरोपीला फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती 2005 मध्ये जन्मठेपेवर आणली, सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जन्मठेप कायम केली. ग्लॅडिस मात्र हत्याकांडानंतरही काही वर्षे बारीपद्यात राहून कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिल्या. ज्याचे जळाले त्यालाच क्षमेचा अधिकार. बाहेरच्यांनी पीडितेला क्षमा करायला सांगणे हा दुसरा अत्याचार होय.

संतापापासून न्याय वेगळा ठेवण्याचा धागा आपल्याकडच्या एका निकालातही सापडतो. शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात तिघांना झालेली फाशी मुंबई उच्च न्यायालयाने 25 नोव्हेंबर 2021 ला उरलेल्या आयुष्याच्या तुरुंगवासात बदलली. पॅरोल नाही, फर्लो नाही. लोकक्षोभ हा शिक्षेचा आधार होऊ शकत नाही आणि मृत्यूने पश्चात्तापाची शक्यताच संपते, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. ही शिक्षा सौम्य म्हणणाऱ्याने मरेपर्यंतचा तुरुंगवास डोळ्यांसमोर आणून पाहावा.

गर्दी ओसरल्यावर पीडितेचे घर एकटे पडते, आणि तिथेच खरी कसोटी लागते. देवरूखात अशा घराला आधार देण्याचे काम परके नाही: इंदिराबाई हळबे मावशींनी 1954 मध्ये सुरू केलेल्या मातृमंदिराने निराधार बायकामुलांना आधार दिला, तोही कुणाची जात-धर्म न विचारता. अशा प्रसंगी पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या ‘मनोधैर्य’ योजनेचा अर्ज भरून देणारा माणूस लागतो, तालुका विधी सेवा समितीकडे नेणारा लागतो. आणि खटला चालू असेतो, प्रत्येक तारखेला, मजुरी बुडवून न्यायालयात साक्षीदार बाईशेजारी बसणारा लागतो.