फुटलेला कान आणि आपले पाण्यातले दिवस

आपल्याकडे "पोराचो कान फुटलो" असे सर्दी झाल्यासारखे सहज म्हणतात. कान चार दिवस वाहतो, थांबतो, सगळे विसरतात. पण फुटतो तो आतला पडदा. त्याचे भोक भरले नाही तर वाहणे थांबूनही दुखणे घरात मुक्कामाला राहते. आज त्याबद्दल बोलू.

पडदा फुटण्याचे नेहमीचे कारण सर्दी. जंतू घशाकडून नळीने कानात चढतात, पू साठतो आणि पडदा फोडून बाहेर येतो. काडी, पिन ही दुसरी कारणे. तारकर्ली-देवबागला पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या आपल्या मुलांचे कारण वेगळे. दहा मीटर खोलीवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो, पण कान दोन-तीन मीटरवरच दुखायला लागतो. सर्दीने ती नळी बंद असेल तर दाब सारखा होत नाही. हंगामात एक दिवस बुडाला तर पैसे बुडतात हे आम्हाला कळते, तरी सर्दीत बुडी नको हे आम्ही सांगणारच.

आणि एक कारण बायका दवाखान्यात सांगत नाहीत: कानशिलात बसलेली थप्पड. "न्हाणीत पडलंय" म्हणून बाई मोकळी होते. डॉक्टरांना खरे सांगा, कागदावर खरी नोंद होऊ द्या. घरातल्या मारहाणीविरुद्ध 2005 चा कायदा आहे आणि 181 हा महिलांचा मदत क्रमांक आहे.

ताजे, लहान भोक बहुतेक वेळा सहा आठवडे ते तीन महिन्यांत आपोआप भरते. त्यासाठी कान कोरडा हवा, आणि आपल्या किनाऱ्यावर अवघड तेच. ओहोटीला खाडीत तिसऱ्या काढायच्या, चार महिने पावसात भिजायचे, डोक्यावरून न्हायचे. म्हणून न्हाताना कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोपडून तो कानाच्या तोंडाशी बसवा, नंतर काढून टाका. वाहत्या कानात बोळा कोंबून ठेवू नका. खाडीत उतरलात तर कमरेपर्यंतच. डोके पाण्याखाली नाही. नाकही जोरात शिंकरू नका.

आता तेल. नारळाचे तेल प्रत्येक घरात, आणि "कोमट तेल घाल गे" म्हणणारी आजीही. तिची माया खरी, पण पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आत जाते. शेजारणीच्या उरलेल्या बाटलीतले थेंबही नकोत. काही थेंब भोकातून आत गेले तर ऐकण्याच्या नाजूक भागालाच इजा करतात.

भोक राहिलेच तर एका बाजूने कमी ऐकू येते, रात्री कानात गुंई-गुंई होते, आवाज कुठून आला ते कळत नाही. मग लोक म्हणतात, "हाक मारली तरी बघत नाय, केवढी मिजास!" बचत गटाच्या बैठकीत तर अशी बाई न ऐकताच मान हलवते आणि कर्जाच्या कागदावर सही करते. याची आम्हाला जास्त काळजी वाटते. तिला चांगला कान सगळ्यांकडे येईल अशा जागी बसवा, आकडे तिच्याकडे तोंड करून पुन्हा वाचा. शाळेतल्या पोराचेही तसेच: बाईंना सांगून पुढच्या बाकावर जागा मागा.

तीन महिन्यांत भोक भरले नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ऐकण्याची तपासणी करून घ्या. मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आधी विचारा. शस्त्रक्रियेत कानाजवळचाच पातळ पापुद्रा काढून भोकावर ठिगळासारखा बसवतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, तेही तिथेच विचारा. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मात्र धावपळ करण्याआधी हे ऐका: 2016 च्या कायद्यात दोन्ही कानांची किमान 60 डेसिबल घट धरली आहे. एकच कान गेला असेल तर त्या नियमात बसत नाही.

कानातून घाण वासाचा स्राव येत राहिला तर थोडा असला तरी डॉक्टरांना दाखवा. आत हाड खाणारी वाढ असू शकते. आणि गरगरायला लागले, तोंड एका बाजूला वाकडे झाले, कानामागे सूज आली किंवा तापासोबत डोके फार दुखले, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच गाडी करा.