ऋण सोडताना



आज पदवी घेऊन तुमच्यातले काही जण लवकरच मंडळ्यांची जबाबदारी घेतील, काही दवाखान्यांत, वसतिगृहांत, समाजकार्याच्या कामांत रुजू होतील. कुठेही गेलात तरी ‘क्षमा’ हा एक शब्द तुमच्या तोंडी सतत येणार आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये तो इतक्या सहज वापरला जातो की त्याची किंमत नेमकी कोण मोजतं, इकडे कुणाचं लक्षच जात नाही. म्हणून आज मी त्या एका शब्दापुरतंच बोलणार आहे. माझं म्हणणं असं आहे, की जे देणं आहे ते पूर्ण मांडून, मोजून मग सोडणं म्हणजे ख्रिस्ती क्षमा. मांडणीच टाळून ‘जाऊ द्या, माफ करा’ म्हटलं जातं, तेव्हा दुखावलेल्याला गप्प बसवण्याची सोय होते आणि आपण त्या सोयीला प्रभूचं नाव देतो.

हा हिशेबाचा शब्द मी बाहेरून आणलेला नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रभूच्या प्रार्थनेत अपराधासाठी जो शब्द आला आहे, तो मुळात देण्याघेण्याच्या व्यवहारातला आहे, आणि मराठी बायबलनं तिथे ‘ऋण’ हाच शब्द ठेवला. पाठ झाल्यामुळे आपल्याला त्याची धार जाणवत नाही. ज्या घरानं कर्ज पाहिलं आहे, त्या घराला मात्र तो समजावून सांगावा लागत नाही. सावकारानं कर्ज सोडलं म्हणून पैसे हवेत विरत नाहीत; तेवढी खोट तो स्वतःच्या अंगावर घेतो. आणि किती सोडलं हे कळायला आधी वहीत आकडा लिहिलेला असावा लागतो. पेत्रानं प्रभूला विचारलं, भावाला किती वेळा क्षमा करायची? त्याचं उत्तर देताना प्रभूनं जो दाखला सांगितला, त्याची सुरुवात राजा हिशेब घ्यायला बसतो इथून होते. चाकराकडे दहा हजार तालांतांचं देणं निघतं. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी, शेकडो माणसांनी जन्मभर राबूनही न फिटणारी. राजा ती सोडतो. तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. उपदेशांत आपण सांगतो की शंभर दिनार म्हणजे अगदीच किरकोळ रक्कम. पण हातावर पोट असलेल्या घराला विचारा, शंभर दिवसांची मजुरी किरकोळ असते का? माणसानं माणसाचं केलेलं नुकसान क्षुल्लक आहे, असं प्रभूनं या दाखल्यात कुठेही म्हटलेलं नाही. ते मोठंच आहे. देवानं सोडलेल्या ऋणापुढे तेवढं लहान आहे.

हे बोलायला सोपं आहे, पण खरोखर कुणी जगलं आहे का, असं तुम्ही विचाराल. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात उदयनगर नावाचं गाव आहे. केरळातून आलेल्या सिस्टर राणी मारिया तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम करत होत्या. सावकाराच्या कर्जातून ही घरं बाहेर पडावीत, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं, त्यांनी बचतगट करावेत, असं ते काम होतं. ज्यांची वसुली बुडत होती त्यांना ते खुपत होतं. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या तरुणानं त्यांच्यावर सुरीचे वार केले. चाळीसहून अधिक जखमा होत्या. त्याला जन्मठेप झाली. पुढे 2002 साली राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात त्याला भेटायला गेली आणि तिनं त्याच्या हाताला राखी बांधली. त्या मनगटाकडे जरा जवळून पाहा. सुरी धरली होती ती याच हाताच्या मुठीत. त्यावर दोरा गुंडाळून गाठ मारायची तर तो हात आपल्या हातात घ्यावा लागतो, आणि गाठ बसेपर्यंत सोडता येत नाही. केरळच्या ख्रिस्ती घरातल्या बाईनं माळव्यातल्या हिंदू तरुणाला त्याच्याच घरच्या सणाच्या भाषेत ‘भाऊ’ म्हटलं, हे मला फार मोलाचं वाटतं. क्षमा ज्याला करायची त्याला कळेल अशाच बोलीत तिनं ती केली. पुढे त्याच्या सुटकेसाठीही या कुटुंबानं शब्द टाकला, 2006 मध्ये तो सुटला आणि केरळात जाऊन तिच्या आईवडिलांना भेटून आला. आता इथे हिशेब कुठे बुडाला? खुनाला कुणी अपघात म्हटलं नाही. खटला चालला, शिक्षा झाली, अकरा वर्षं गेली. देणं शेवटच्या पैपर्यंत लिहिलेलं होतं, म्हणूनच ते सोडण्याला अर्थ आला.

यावर पहिला आक्षेप कायद्याच्या बाजूनं येतो: अशानं गुन्हेगार सोकावतील. याचं उत्तर देणारी एक घटना पाहा. ओडिशातल्या मनोहरपूर गावात 22 जानेवारी 1999 च्या रात्री मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं जीपमध्ये झोपली असताना जाळून मारली गेली. बारीपदा इथे कुष्ठरोग्यांची सेवा करण्यात ग्रॅहम यांची तीसहून अधिक वर्षं गेली होती. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं, आणि कायद्याचं काम वेगळं आहे, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. मुलीला घेऊन त्या लगेच देश सोडून निघून गेल्या नाहीत. पुढची काही वर्षं बारीपद्यालाच राहून काम चालवत राहिल्या. इकडे न्यायालयं आपल्या वाटेनं गेली: 2003 मध्ये मुख्य आरोपीला फाशी सुनावली गेली, 2005 मध्ये उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली, 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली. त्या क्षमेमुळे न्यायाचं एक पाऊलही अडलं नाही. सूड घेण्याचा हक्क ग्लॅडिसबाईंचा होता, तो त्यांनी सोडला. पुढच्या एखाद्या गावातल्या पुढच्या एखाद्या कुटुंबाला संरक्षण देणं हे राज्याचं कर्तव्य, आणि राज्याचं कर्तव्य माफ करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. तसा दावाही त्यांनी केला नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि मला तो अर्ध्याहून अधिक पटतो. दुखावलेल्याच्या वतीनं क्षमा करणारे तुम्ही कोण? दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपल्यावर 1995 च्या कायद्यानं सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. आर्चबिशप डेस्मंड टूटू त्याचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या मुखी क्षमेची भाषा ही शुभवर्तमानातूनच आलेली होती. सुमारे 21,000 पीडितांनी आपली हकीकत नोंदवली. माफीसाठी 7,112 अर्ज आले आणि त्यांतले फक्त 849 मंजूर झाले, कारण गुन्हा राजकीय असणं आणि त्याचं संपूर्ण सत्य सांगणं या अटी होत्या. पण 1977 मध्ये पोलिसांच्या कोठडीतल्या मारहाणीनं मरण पावलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबानं ही व्यवस्थाच नाकारली. आमचा न्याय मागण्याचा हक्क आमच्या वतीनं सरकारनं का सोडावा, असं विचारत ते घटनात्मक न्यायालयात गेले आणि 1996 मध्ये हरले. पुढे 1999 मध्ये आयोगानंच बिकोंच्या मारेकऱ्यांचे अर्ज फेटाळले. पीडितांना भरपाई मिळाली ती 2003 साली जाहीर झालेली एकरकमी 30,000 रँड, आयोगानं सुचवली होती त्याहून बरीच कमी. मी आयोगाला अपयशी म्हणणार नाही. सत्य चव्हाट्यावर आणण्याचं त्याचं काम फार मोठं होतं. पण बिको कुटुंबाचा प्रश्न खरा होता. ऋण ज्याचं, सोडण्याचा हक्क त्याचाच. देश, पंचायत, मंडळी, अगदी बिशपसुद्धा तो हक्क त्याच्या हातून काढून घेऊ शकत नाहीत.

हे मी दूरदेशीचं सांगतो आहे, पण तुमच्यापुढे ते उपासनेनंतरच्या दहा मिनिटांत येणार आहे. लोक पांगलेले असतील, सतरंज्या गुंडाळल्या जात असतील, आणि पदर ओठांपर्यंत ओढून एक बाई दाराशी थांबलेली असेल. तिचा नवरा तिला मारतो. तो मंडळीत वर्गणी देणारा, चार लोकांत मान असलेला माणूस आहे. तुमच्या जिभेवर येणारं सगळ्यात सोपं वाक्य असेल: बाई, प्रभूनं क्षमा केली, तुम्हीही करा. कृपा करून ते वाक्य गिळा. तिचं ऋण तुम्ही सोडू शकत नाही, आणि जो अपराध चालूच आहे त्याचा हिशेब अजून बंदच झालेला नाही. 2005 चा घरगुती हिंसाचाराविरोधी कायदा तिला संरक्षण देतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे तिच्यासोबत जाणं हीसुद्धा तुमची पाळकीय सेवा आहे. क्षमा आणि पुन्हा एका छताखाली राहणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली एकटीला करता येते. दुसरीसाठी समोरच्याचा पश्चात्ताप लागतो, आणि तो त्याच्या वागण्यातून दिसावा लागतो.

आणि आपण, ख्रिस्ती मंडळी, नेहमी धनकोच्या जागी बसून का बोलतो? आपल्या महाराष्ट्रात, विशेषतः नगर-मराठवाड्याच्या पट्ट्यात, मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांच्या जोरावर. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशानं धर्माच्या कारणावरून त्यांना सवलतींबाहेर ठेवलं. शीख दलितांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये सामावून घेतलं गेलं, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. हे देणं राज्याचं, ते मागत राहायला हवं. पण लग्न जमवताना ‘मूळचे कोण?’ असं हळूच विचारणारं ख्रिस्ती घर कुणाचं देणेकरी आहे? एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतल्यावरही हा प्रश्न शिल्लक राहतो, तेव्हा दुखावलेल्या भावाला प्रेमाचा उपदेश करण्याआधी आपण जक्कयाची गोष्ट पुन्हा वाचावी. त्या जकातदारानं येशूला घरी नेलं आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचं, लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचं कबूल केलं. त्यानंतर येशूनं म्हटलं की या घराला आज तारण लाभलं. तिथे आकडा होता, आणि तो देणेकऱ्यानं स्वतः उच्चारला होता.

कुणी म्हणेल, असा हिशेब ठेवला तर प्रेम कोरडं होईल. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचा. त्यांच्या पतीनं, नारायण वामन टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली; पाचेक वर्षांनी त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. टिळकांचा संताप, त्यांचा लहरीपणा, पैशांची हेळसांड, त्यातून झालेली ओढाताण, काहीही लक्ष्मीबाईंनी झाकलेलं नाही. तरी मराठीत नवऱ्यावर इतक्या मायेनं लिहिलेलं दुसरं पुस्तक मला चटकन सांगता येणार नाही.

एक प्रश्न उरतो, आणि कामावर रुजू झाल्यावर तो तुम्हाला नक्की विचारला जाईल: मला क्षमा करवतच नाही, मी काय करू? अशा माणसाला विश्वासात कच्चा ठरवू नका. स्तोत्रसंहितेत शत्रूंना शाप देणारी स्तोत्रंही आहेत, आणि बायबलमधून ती वगळलेली नाहीत. लूकानं वधस्तंभावरचा जो उद्गार नोंदवला आहे तो नीट पाहा. खिळे ठोकणाऱ्यांविषयी येशूनं ‘मी यांना क्षमा करतो’ असं म्हटलं नाही. त्यांना क्षमा कर, अशी पित्याला विनंती केली. वेदनेच्या त्या टोकाला त्यानं ते खातं पित्याच्या हाती सोपवलं. ज्याला स्वतःच्या हातानं ऋण सोडवत नाही, त्याला एवढं करता येईल: रक्कम जशी आहे तशी, काहीही कमी न करता, देवापुढे ठेवायची. ती ठेवताना त्याच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असावं, घाई न करता, घड्याळाकडे न पाहता. उद्यापासून ते बसणं तुमचं काम आहे.