अपघाताचा कागद आणि चलनाची नोंद

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त साकेत नगर, भोपाळ येथे दिलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी शाळामास्तराने पोलीस ठाणे, अपघात आणि दंड यांविषयी बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. मी वकील नव्हे, शिक्षक आहे. परंतु गेली काही वर्षे न्यासाच्या शिष्यवृत्ती समितीचे काम करताना जे पाहिले, ते आपल्यापुढे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

माझ्या वर्गातील एका मुलीचा फीमाफीचा अर्ज समितीकडे आला. वडील रंगकाम करणारे. संध्याकाळी सायकलवरून परत येताना एका लोडिंग गाडीने त्यांना उडविले आणि मांडीचे हाड मोडले. त्याच रात्री गाडीचा मालक इस्पितळात आला, त्याने दहा हजार रुपये हातावर ठेवले आणि एका कागदावर अंगठा घेतला. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, ‘पोलिसांची कटकट कशाला?’ आपल्याकडे म्हणच आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. चार महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली आणि पैसा संपला. मी मुलीच्या आईस विचारले, ‘बाई, गाडीचा नंबर काय?’ ती म्हणाली, ‘मास्तरसाहेब, गाडी पिवळी होती.’ एवढाच तिच्याजवळचा पुरावा!

आम्ही दोघे तिघे इस्पितळात गेलो. जखमी मनुष्य दाखल होताच तेथे जी वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते, जिला सारे एमएलसी म्हणतात, ती सापडली. ज्या मुलाने त्यांना उचलून आणले होते त्याने गाडीचा नंबर सांगितला होता आणि तो त्या नोंदीत लिहिलेला होता. इस्पितळाने पोलिसांस कळविलेही होते. पण ती सूचना जेथे गेली तेथेच पडून राहिली होती. तो नंबर हाती आला म्हणून पाचव्या महिन्यात गुन्हा नोंदविला गेला आणि भरपाईचा अर्ज मुदतीत दाखल झाला. निकाल अद्याप लागावयाचा आहे. परंतु त्या एका ओळीवाचून अर्जच झाला नसता.

म्हणून कोणता कागद कोठे मिळतो, हे प्रत्येक घरास ठाऊक असावे.

पहिला कागद प्रथम माहिती अहवालाचा, म्हणजे एफआयआरचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तो नोंदविला जातो. अपघात कोणत्याही हद्दीत झालेला असो, फिर्याद घेण्यास ठाण्याने नकार देऊ नये. फिर्याद देणाऱ्यास किंवा पीडितास त्याची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्या, आणि तारीख, वेळ, जागा व गाडीचा नंबर बरोबर आहे की नाही हे तेथेच वाचून पाहा. प्रत हरवल्यास चिंता नको. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की नाजूक प्रकरणे सोडून बाकीचे एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावेत. मध्य प्रदेश पोलिसांच्या संकेतस्थळावरही ते पाहता येतात. ठाण्याने नोंद घेतलीच नाही, तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे टपालाने लेखी अर्ज पाठवावा. आपल्या भोपाळात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय असल्याने तो उपायुक्तांच्या नावे करावा. पोच जपून ठेवावी.

दुसरे कागद अपघाताच्या अहवालांचे. हे आपल्यापैकी फार थोड्यांस माहीत आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ चा. १९९४ च्या दुरुस्तीने पोलिसांवर अपघाताची माहिती दावा न्यायाधिकरणास कळविण्याचे बंधन आले, परंतु ते बहुधा कागदावरच राहिले. पुढे २०१९ ची दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२२ पासून नवे नियम लागू झाले. त्यांनुसार तपास अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पहिला अहवाल, पन्नास दिवसांत अंतरिम अहवाल आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणापुढे ठेवावयाचा आहे. पीडितास त्याचे हक्क सांगणारा एक नमुनाही दहा दिवसांत द्यावयाचा आहे. १५ डिसेंबर २०२२ रोजी गोहर मोहम्मद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम काटेकोर पाळण्याची ताकीद दिली. तेव्हा ठाण्यात जाऊन नुसते ‘आमच्या केसचे काय झाले?’ असे विचारू नका. ‘आमचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला काय? त्याची प्रत द्यावी,’ असे विचारा. नेमका प्रश्न विचारणाऱ्यास नेमके उत्तर द्यावे लागते, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

गाडी कोणाची आणि चालविणारा कोण, हे कळत नसेल तर याच कायद्याच्या कलम १६० खाली भरपाई मागणाऱ्यास ती माहिती ठाण्याकडून किंवा परिवहन कार्यालयाकडून ठरलेली फी भरून मागता येते. यानेही काम न झाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. उत्तराची मुदत तीस दिवसांची. मात्र तपासास अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते, हेही लक्षात असू द्यावे. गाडी पळून गेली आणि शेवटपर्यंत सापडलीच नाही, तरी मृत्यूस दोन लाख व गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपयांची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिच्यासाठीही नोंद लागतेच.

मुदतीचा इशारा देतो. भरपाईच्या अर्जास कायद्याने सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे. तिच्यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. तो विषय वकिलांचा. आपण सहा महिने हीच लक्ष्मणरेषा समजून चालावे.

आता दंडाच्या नोंदीकडे वळतो. आपण मराठीत चलन म्हणतो, येथील बाजारात त्यास चालान म्हणतात. पूर्वी शिपाई शिटी वाजवून गाडी थांबवी आणि पावती फाडी. आता चौकातला कॅमेरा नंबर टिपतो आणि चलन परस्पर निघते. केंद्र सरकारच्या परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा तपशील घातला की थकलेली चलने दिसतात. अशा चलनात गाडीच्या नंबराचे स्पष्ट छायाचित्र, तारीख, वेळ, जागा आणि मोडलेले कलम असावयास पाहिजे. छायाचित्रातील गाडी आपली नसेल तर निमूटपणे पैसे भरू नका, तक्रार करा. चूक आपलीच असेल तर मात्र मुकाट्याने भरावे. मुलांपुढे सबबी सांगू नयेत.

येथे माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणाची कबुली देतो. मी जुनी स्कूटर एका ओळखीच्या गृहस्थास विकली, पैसे घेतले आणि नाव बदलण्याचे काम ‘करू उद्या’ म्हणून राहू दिले. वर्षभराने सहज नोंद पाहिली तो माझ्या नावावर पाच चलने! विद्यार्थ्यांना रोज शिस्त शिकविणारा मी कागदोपत्री सिग्नल तोडणारा ठरलो होतो. दंड भरून ते निस्तरले. पण त्या स्कूटरखाली कोणी सापडले असते तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी विकल्यास एकोणतीस व तीस क्रमांकाचे नमुने भरून, राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे.

१९५६ साली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरहून अनेक मराठी कुटुंबे सरकारी दप्तरांबरोबर येथे आली. ज्यांच्या वाडवडिलांनी आयुष्यभर दप्तरे सांभाळली, त्यांच्या घरी स्वतःचे कागद नसावेत, हे शोभत नाही.

माझी न्यासास दोन नम्र सूचना आहेत. प्रत्येक सभासदाच्या घरी एक वही असावी आणि तीत गाडीचा नंबर, विम्याचा क्रमांक व मुदत, परवान्याची तारीख आणि घरातील कोणा एकाचा रक्तगट लिहिण्याऐवजी सर्वांचे रक्तगट लिहिलेले असावेत. दुसरी सूचना अशी की, न्यासाच्या कार्यालयात रविवारी एक तास दोन लिहिते-वाचते स्वयंसेवक बसावेत आणि अपघातग्रस्त कुटुंबास अर्ज लिहून देऊन ठाण्यापर्यंत सोबत करावी. त्यास इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. पहिला रविवार मी स्वतः बसेन.

न्यासाने पन्नास वर्षे गरजूंना मदत दिली. त्या मुलीची फी आपण भरली, हे उत्तमच झाले. परंतु तिच्या वडिलांस जे हक्काने मिळावयाचे, ते मिळवून देण्यास हातभार लावणे हेही दानाहून कमी नव्हे.